जर्मनीचे महाराज

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल, तर ते हे: भर वैशाखात, टळटळीत दुपारी, माझी बायको वाकळ पांघरून भिंतीला टेकली होती आणि मी तिला पुस्तक वाचून दाखवत होतो. अंगणात पाय ठेवला की भाजत होतं. पण पुस्तकात बर्फ पडत होता, म्हणून तिला थंडी वाजत होती.

"अगं, काढ ती वाकळ. बघून मला घाम सुटायलाय."

"तुम्ही वाचा. तिकडं त्याच्या पायाची बोटं काळी पडली, अन् तुम्हाला उकाड्याचं सुचतंय."

कौसल्या तिचं नाव. ती असताना नाव घ्यायची रीत नव्हती. आता घेतो.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आमचं निलंग्याकडचं गाव उस्मानाबादेतून लातुरात गेलं. घरं जागच्या जागी, जिल्हा तेवढा बदलला. लोक म्हणाले, आता पाणी येईल. आला दुष्काळ. आणि पंचायतीत एक पुस्तकांची पेटी आली. "जिल्हा झाला, पाणी कुठं झालं?" असं म्हणत कौसल्याच पहिल्यांदा त्या पेटीपाशी गेली आणि एक पुस्तक पदराखाली धरून घेऊन आली. वरच्या चित्रात एक दाढीवाला, खांद्यावर घोंगडी, डोळे मिटलेले, गालफडं बसलेली.

"कुणीतरी मोठे महाराज दिसतात," ती म्हणाली. "रोज एक अध्याय वाचा."

तिला अक्षर येत नव्हतं, मी चौथीपर्यंत गेलेला. तिनं पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू लावलं. मी बोट ठेवत ठेवत वाचायला लागलो, आणि दुसऱ्याच पानावर महाराजांनी बंदूक उचलली.

"अगं, हा जर्मनीचा शिपाई हाय. लढाईत धरला अन् रशियात नेऊन कोंडला. त्याची कहाणी हाय ही."

तिनं पुस्तकावरच्या कुंकवाकडं बघितलं. मग म्हणाली, "आता कुंकू लागलं. सुरू केलेली पोथी मोडत नसत्यात."

झालं. त्या दिवसापासून जर्मन शिपायाला पोथीचे सगळे नेम लागू झाले. वाचायच्या आधी मी हातपाय धुवायचे. पाण्याची मारामार, म्हणून एका तांब्यात, आणि ते पाणी तुळशीला. मधे उठायचं नाही. अध्याय अर्धा सोडायचा नाही. संपला की दोघांच्या हातावर चिमूटभर साखर. त्याचं नाव काही आमच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून तो 'महाराज'च राहिला. सकाळी चुलीपुढं बसून ती मलाच विचारायची, "आज तरी महाराजाला गरम काही मिळंल का हो?" जसा काही मुदपाकखाना माझ्या ताब्यात होता!

शेजारची गयाबाई साखरेच्या वासानं यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं हात जोडून विचारलं, "कुठले महाराज म्हणायचे हे?"

"जर्मनीचे," कौसल्या म्हणाली.

"कोणत्या पंथाचे?"

"उपाशी पंथाचे," मी म्हणालो. कौसल्येनं मला कोपर मारलं.

एकदा आमची शेळी सुटून गयाबाईच्या कडब्यात शिरली. कडबा तेव्हा सोन्यासारखा. मी उठायला लागलो, तर कौसल्येनं धोतर धरलं, "अध्याय!" आणि गयाबाई, जिचा कडबा, तीच म्हणाली, "खाऊ द्या वो मेलीला. आधी महाराजाला भाकर मिळू द्या."

बर्फ कौसल्येनं एकदाच बघितला होता, निलंग्याच्या स्टँडवर, सरबताच्या गाड्यावर पोत्याखाली. तेवढ्यावर तिनं अख्खा रशिया उभा केला. मी पुस्तक मिटलं तरी ती तिकडंच असायची. अंगणात फुफाटा उडाला की डोळे अर्धे मिटून म्हणायची, "बघा, कसा भुरभुरायला." मी बघायचो. खोटं कशाला सांगू, थोड्या वेळानं मलाही तो लिंबावर, गोठ्यावर, रिकाम्या रांजणावर पडलेला दिसायचा. सगळं गाव पांढरं, आणि कसला म्हणून आवाज नाही.

मी मात्र उतावळा माणूस. एकदा म्हणालो, "शेवटचं पान बघून टाकू. घरी पोचला का न्हाई, कळून जाईल."

"हात लावून बघा तुम्ही! पोथी मागून वाचत्यात व्हय?"

"अगं, तो तुझा कोण लागतो?"

"कुणाच्या तरी बहिणीचा भाऊ हाय की न्हाई?"

मी शेवटच्या पानावरचा हात काढला. रझाकाराच्या वक्ताला तिचा थोरला भाऊ घरातून गेला होता. मेला असं कुणी सांगितलं नाही, जिता आहे असंही नाही. तिची आई मरेपर्यंत त्याच्या वाटणीची भाकर रोज झाकून ठेवायची. कौसल्येनं सगळ्या संसारात त्याचं नाव काढलं नाही. मला वाटायचं, विसरली असेल.

तर त्या दुपारी महाराजाला आणि बाकीच्या कैद्यांना मालगाडीत भरलं. दारं बाहेरून बंद. गाडी कुठं चालली, कुणी सांगेना. घरी, का आणखी आत, कुणाला ठाऊक नाही. कौसल्येनं वाकळ गच्च धरली. तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, "टँकर आला! टँकर!"

पाण्यापुढं काय करता? ती घागर घेऊन उठली. दारातून म्हणाली, "बोट तिथंच ठेवा. आलेच मी."

पहिल्यांदाच अध्याय अर्धा राहिला.

घागर भरून आणली तिनं. खाली ठेवली. "जरा पडते," म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत गेली.

लेक नांदेडला दिलेली. ती सकाळच्या एसटीनं येणार, म्हणून थांबले होते. उजाडलं, घर माणसांनी भरलेलं. मी उठलो, कौसल्येनं आणलेल्या पाण्यातलं तांब्याभर घेऊन हातपाय धुतले आणि तिच्या उशाशी पुस्तक घेऊन बसलो.

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलं," कुणी तरी पुटपुटलं.

"वाचू द्या त्यांना," गयाबाई म्हणाली. "अध्याय राहिलाय."

मी वाकळ तिच्या गळ्यापर्यंत ओढली आणि बोट ठेवून वाचलं. रातभर गाडी चालली. उजाडताना एका कैद्यानं फळीच्या फटीला डोळा लावला आणि ओरडला, सूर्य गाडीच्या मागून उगवतोय. म्हणजे गाडी मावळतीकडं निघाली होती. तिकडंच त्याचं घर.

"घराकडं चाललाय गं," मी तिला सांगितलं.

मग उठून साखरेचा डबा काढला. एक चिमूट तिच्या ओठावर ठेवली, एक माझ्या तोंडात टाकली.