पंपाचा आग्रह

मला स्पष्ट लिहिता येतं. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मेहुणीच्या लग्नाची पत्रिका, विमा कंपनीला पाठवलेली तक्रार, सोसायटीच्या नोटिसा, सगळं मीच लिहितो, आणि आजवर 'याचा अर्थ काय?' असं विचारत कोणी परत आलेलं नाही. म्हणून हडपसरच्या आमच्या ऑफिसात स्पेक नव्याने लिहायची वेळ आली, तेव्हा मी आपणहून हात वर केला.

स्पेक म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमची कंपनी पाण्याच्या टाक्यांसाठी यंत्रं बनवते. एक यंत्र गच्चीवरच्या टाकीत बसतं, दुसरं तळमजल्यावरच्या पंपाला. दोघं इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतात. गच्चीवरून निघालेला संदेश जगात कुठल्यातरी सर्व्हरला भेटून येतो आणि मग त्याच इमारतीत खाली पंपाला पोचतो. या दोघांनी काय बोलायचं, आधी कोणी बोलायचं, उत्तर आलं नाही तर काय करायचं, या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात, आणि ते नियम जिथे सविस्तर लिहून ठेवलेले असतात तो स्पेक.

जुना स्पेक लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, आणि स्पेक वाचल्यावर तो वेळेवर गेला असंच वाटायचं. पंपाने शक्यतो थांबावं, टाकीने सहसा उत्तर द्यावं, यथावकाश पुन्हा सुरू व्हावं! मूळ इंग्रजीत होतं, पण त्याचं मराठी एवढंच. त्यात नेटवर्कच्या गडबडीत टाकीचा एखादा खोटा 'पुरे' आला, की पंप निमूट बंद पडायचा. एका गिऱ्हाइकाकडे अख्खी इमारत अंगाला साबण लावून उभी राहिली होती.

आमचे साहेब म्हणाले, "दत्तप्रसाद, असं लिहा की पंपाला डोकं वापरावं लागू नये."

"पंपालाच काय, कोणालाच लागणार नाही," मी म्हणालो.

अडचण एकच होती. टाकीचा 'पुरे' खरा कधी मानायचा? या प्रश्नाने मला आठवडाभर छळलं. रविवारी सासूबाईंकडे जेवायला गेलो, तेव्हाही माझं लक्ष पानात नव्हतं. त्यांनी श्रीखंड वाढलं. मी "पुरे" म्हणालो, त्यांनी वाढलं. पुन्हा "पुरे" म्हणालो, तर "एवढ्याने काय होतंय" म्हणत आणखी वाढलं. तिसऱ्यांदा मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तेव्हा त्या थांबल्या. माझे हात तसेच राहिले. पहिला नकार संकोचाचा, दुसरा रीतीचा, तिसरा पोटातून आलेला! घरोघरी चालत आलेला प्रोटोकॉल समोर वाढून ठेवलेला होता आणि आम्ही ऑफिसात डोकं खाजवत बसलो होतो.

माझी बायको भाग्यश्री म्हणाली, "आईला हात दाखवून बसलायस का? जेव ना."

दुसऱ्याच दिवशी कलमं उतरली. कलम पाच: टाकी 'पुरे' म्हणाली तरी पंपाने 'आणखी?' असं विचारावं, आणि विचारता विचारता वाढत राहावं. तिसरा 'पुरे' आला की थांबावं. कलम सहा: प्रत्येक विचारणेला मोजणी पहिल्यापासून सुरू करावी, म्हणजे कालचा शिळा 'पुरे' आज धरला जाणार नाही. कलम सात: तीन 'पुरे' न येता पंप कोणत्याही कारणाने बंद पडला, तर त्याने ताबडतोब पुन्हा सुरू व्हावं. हे साबणवाल्या लोकांना स्मरून लिहिलं होतं.

एजाज आमचा प्रोग्रॅमर. पुण्याच्या कॅम्पातला, हुशार, बोलणं मोजकं आणि टोचणारं. स्पेक वाचून तो माझ्या टेबलाशी आला.

"सर, कलम सहा. प्रत्येक विचारणेला म्हणजे?"

"प्रत्येक म्हणजे प्रत्येक."

"पण पंप तर दर वेळी विचारणारच आहे. मग मोजणी..."

"एजाज, चांगल्या स्पेकला प्रश्न विचारावे लागत नाहीत. लिहिलंय तसं कर."

"करतो," तो म्हणाला. "हे एवढं मेलवर लिहून द्याल?"

मी दिलं. कौतुकाने फाइलला लावून ठेवणार असेल, असं मला वाटलं.

आता पहिली बसवणी कुठे करायची? मी आमचीच सोसायटी सुचवली. आम्ही वाघोलीत राहतो, टँकरच्या पाण्यावर. भाग्यश्री सोसायटीची सचिव आहे. ती सचिव झाल्यापासून टँकर वेळेवर येतात, आणि त्यामुळे आमच्याकडे तिला मान आहे. तिच्याआधी ज्ञानदेवकाका सचिव होते. पंपाचं बटण ते स्वतः दाबायचे आणि ते पद गेल्याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. सभेत यंत्राचा विषय निघाला, तसे ते उठले.

"टँकरचं पाणी आहे, वहिनी. एक बादली जरी वाया गेली तर?"

भाग्यश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी छातीवर हात ठेवून मान हलवली.

"तर मी सचिवपद सोडीन," ती म्हणाली.

उद्घाटन रविवारी सकाळी गच्चीवर ठेवलं. सतरंज्या अंथरल्या, पोह्यांचं पातेलं वर आणलं, टाकीला हार घातला. खालचा हौद दोन टँकरनी काठोकाठ भरून घेतला होता. एजाज लॅपटॉप मांडीवर घेऊन टाकीच्या सावलीत बसला. भाग्यश्रीने छोटंसं भाषण केलं, त्यात माझं नावही घेतलं, आणि पंप सुरू झाला. टाकी भरत आली तसे सगळे कौतुकाने पाण्याकडे बघू लागले. पाणी टाकी भरल्याच्या खुणेपाशी आलं. मी हात वर करून म्हणालो, "आता बघा!"

सगळ्यांनी बघितलं. पाणी खुणेच्या वर गेलं.

"पहिला 'पुरे' झाला असेल," मी समजावून सांगितलं. "अजून दोन आहेत."

वरच्या पाइपातून धार सुरू झाली. पहिली सतरंजी भिजली. दुसरी तरंगली. पातेल्यापाशी बसलेल्या बायका पदर सावरत उठल्या, आणि गच्चीची मोरी सतरंज्यांनीच बुजलेली असल्यामुळे पाणी जिन्याकडे निघालं.

"एजाज, टाकी काही बोलत नाही का?"

"बोलतेय, सर. 'पुरे' म्हणतेय. केव्हाची म्हणतेय."

"मग पंप काय करतोय?"

"आग्रह."

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. आणखी? पुरे. मोजणी एक. आणखी? पुरे. मोजणी एक. दर विचारणेला मोजणी नव्याने सुरू होत होती आणि एकाच्या पुढे जात नव्हती. एवढा तर सासूबाईंनीही कधी आग्रह केला नव्हता.

"अरे, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"आलं होतं, सर. मेल दाखवू?"

मेल पाहायला वेळ नव्हता. मी खाली धावलो. लिफ्टच्या पोकळीत पाणी उतरल्यामुळे ती मधल्याच कुठल्यातरी मजल्यावर बसली होती. जिन्यावरून पाणी माझ्याबरोबर उतरत होतं, उलट जरा पुढेच होतं. एकेक दार उघडत होतं. कोणी म्हणालं, "आज पाणी भरपूर दिसतंय." मी न थांबता नमस्कार केला. पंपाच्या खोलीत धापा टाकत शिरलो आणि लाल बटण दाबलं. पंप बंद झाला. मी भिंतीला टेकून श्वास घेतला.

पंप पुन्हा सुरू झाला.

पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू झाला. मी फोनवर ओरडलो, "एजाज, हा ऐकत नाहीये!"

"कलम सात, सर. कोणत्याही कारणाने बंद पडला तर ताबडतोब."

"अरे, पण मी कारण आहे!"

"तुमचा अपवाद लिहिलेला नाही."

मागून ज्ञानदेवकाका आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चेहरा मात्र शांत. त्यांनी मेन स्विच पाडला, पण त्याआधीच पंपाचा आवाज कोरडा होऊन खरखरू लागला होता. हौदात वाकून पाहिलं तर तळ दिसत होता. टाकीत मावलं तेवढं सोडून दोन टँकर पाणी गच्चीवर जाऊन जिन्यावरून खाली आलं होतं आणि कुंपणाबाहेर रस्त्यावर निघून गेलं होतं. काका म्हणाले, "आमच्या काळीही टाकी वाहायची. पण तेव्हा इंटरनेट लागत नव्हतं."

भाग्यश्री दारात उभी होती. तिने हौदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला फार वाईट वाटलं. वर्षभर टँकरवाल्यांशी भांडून तिने मिळवलेलं नाव माझ्या तीन कलमांनी सकाळच्या सकाळी वाहून नेलं होतं. मी एवढंच म्हणालो, "चूक माझी आहे, असं मी सगळ्यांना सांगतो."

"ते सगळ्यांना दिसलंय," ती म्हणाली आणि फोन लावला. "समाधानभाऊ, भाग्यश्री बोलतेय. दोन टँकर पाठवा. हो, आत्ता... रविवार मलाही आहे, भाऊ... ड्रायव्हर जेवायला गेलाय, तर जेवून होईलच ना त्याचं? इकडे हौद कोरडा पडलाय... बरं, वाट बघते."

टँकर आले. एजाजने यंत्र काढलं, हौद भरला, आणि पंपाचं बटण पुन्हा काकांच्या हाती आलं.

संध्याकाळी सभा बसली. सतरंज्या वाळत घातलेल्या, म्हणून सगळे उभेच होते. भाग्यश्री पुढे आली. "मी शब्द दिला होता," ती म्हणाली. "पाणी वाया गेलं. आजपासून मी पद सोडतेय. काकांनी परत घ्यावं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हे पद त्यांना हवं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "रविवारी दुपारी टँकर आणून दाखवणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. माझा तर टँकरवाले सोमवारीसुद्धा फोन उचलत नसत. तुम्ही सचिव राहायचं. सोसायटीला पाणी लागतं."

टाळ्या झाल्या. भाग्यश्रीचे डोळे भरून आले, माझेही आले. मी गहिवरून पुढे झालो आणि म्हणालो, "काळजी करू नका, मी कलम सहा आजच बदलून..."

तेवढ्यात काका म्हणाले, "एक ठराव राहिला."

ठराव मंजूर झाला. लेखी आहे, नेमका आहे, आणि मान्य करायला जड जातंय, पण फार स्पष्ट लिहिलेला आहे: 'सचिवांच्या यजमानांनी गच्चीवर, पंपाच्या खोलीत अथवा हौदाजवळ जाऊ नये. कोणत्याही कारणाने.' गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम माझं, त्यामुळे तेव्हापासून आमचे कपडे घरातच वाळतात. सूचक ज्ञानदेवकाका आहेत, आणि अनुमोदक म्हणून खाली सही आहे ती आमच्या घरचीच.