गोड पाण्याची विहीर

आमच्या घरी जेवताना वरण वाढून घ्यायचं असेल तर आप्पांची परवानगी लागते. कारण वरणाच्या पातेल्यात शत्रूचं ठाणं असतं आणि ते पडल्याशिवाय त्यात डाव घालता येत नाही. पापड म्हणजे वाळूच्या टेकड्या, लिंबाच्या फोडी म्हणजे आपले जवान आणि तुपाची वाटी म्हणजे विहीर. एकाहत्तरची लढाई दोह्यात, अल सद्दमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवड्यातून निदान चार वेळा होते. आजवर आपण एकदाही हरलेलो नाही.

आप्पा म्हणजे माझे सासरे, पायदळातले रिटायर्ड हवालदार. सातारा जिल्ह्यातलं त्यांचं गाव असं, की घरटी एक तरी फौजी. त्यामुळे गावात त्यांच्या लढाईला गिऱ्हाईक नाही, ज्याची त्याची स्वतःची लढाई आहे. म्हणून दोह्याला आमच्याकडे आले की त्यांना भरतं येतं. श्रोते तीन. मी, माझा नवरा सचिन आणि दहा वर्षांची आमची सई, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तरं इंग्रजीत येतात. "आजोबा, द वरण इज गेटिंग कोल्ड!" ती ओरडते. "थांब पोरी, अजून टेकडी घ्यायची हाय," असं म्हणून आप्पा एक लिंबाची फोड पुढे सरकवतात.

"आधी जमीन बघा," हे त्यांचं पालुपद. मॉलमध्ये नेलं तर दुकानांकडे ढुंकून पाहिलं नाही. "शिरायला चार वाटा आन् निघायला एकच. हितं आख्खी पलटण अडकंल," म्हणाले. तेव्हा फुटबॉलचा वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आला होता आणि रस्त्यांची शेवटची खोदाई घाईने चालली होती. आप्पा रोज सकाळी उन्हं चढायच्या आत जाऊन चर तपासून येत आणि खणणाऱ्या नेपाळी कामगारांना "शाबाश जवान!" म्हणत. बरेच जण हसून सलाम ठोकत. 'खलास' हा शब्द अरबांनी आपल्याकडून उचलला, अशी तर त्यांची पक्की खात्री होती, आणि ती त्यांनी एका कतारी पोलिसालाही ऐकवली होती.

लढाईचा शेवट ठरलेला असे. पहाट होते, ठाणं पडतं, विहीर ताब्यात येते. "आन् पानी कसं?" आप्पा विचारतात. आम्ही तिघं एका सुरात, "उसाच्या रसावानी गोड!" मग वरण.

एकदा बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा प्यायला गेलेले आप्पा एका उंच, पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांना घेऊन वर आले.

"सूनबाई, ह्यो बघ," त्यांचा चेहरा नुसता फुलला होता, "वरणाच्या पातेल्यातला!"

ते रिटायर्ड सुभेदार नियाज अली, पाकिस्तानातल्या चकवालचे. आम्ही चौथ्या मजल्यावर, ते दुसऱ्या मजल्यावर मुलाकडे आलेले. एकाहत्तरला त्याच विहिरीवरच्या ठाण्याच्या लढाईत होते, फक्त पलीकडच्या बाजूला.

तेव्हापासून रोज पाच वाजता कॅफेटेरियात युद्ध. मलबारी मालकाने त्या टेबलावरची काचेची बरणी मुकाट्याने उचलून ठेवली. पण गंमत अशी, की दोघांचं बहुतेक सगळं जुळायचं. वाकडं झाड, पडकी भिंत, हाडं गोठवणारी थंडी. एक म्हणायला लागला की दुसरा वाक्य पुरं करायचा.

मग एका संध्याकाळी नियाजसाहेब आमच्याकडे चहाला आले. सईने हौसेने बशा मांडून लढाई लावली आणि शेवटी आम्ही कोरस धरला, "उसाच्या रसावानी गोड!"

नियाजसाहेब खो खो हसले. "मीठा? अरे हवालदारसाब, हमारे तो ऊँट भी मुँह फेर लेते थे. नमक था, नमक!"

सईने आप्पांकडे पाहिलं. "आजोबा, सो यू मेड इट अप?"

आप्पांनी बशा एकावर एक रचल्या आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. त्या दिवसापासून टेबलावरची लढाई बंद. वरण हवं तेव्हा वाढून घेता येऊ लागलं. पाचच्या चहालाही आप्पा जाईनात.

गुरुवारी मेथी निवडायला बसले तेव्हा मी विचारलंच. आधी त्यांनी चार काड्या साफ केल्या.

"खारंच होतं गं," ते म्हणाले. "तोंडात धरवत नव्हतं. आमच्या गावचा दिनकर होता संगं. पोटात गोळी. पानी पानी करीत हुता. म्या माझ्या मगातनं पाजलं. दोन घोट पिला आन् म्हनला, 'गोड हाय रं.' मग गेला. सुट्टीवर गेलो तवा त्याच्या आईनं इचारलं, माझ्या पोराला पानी तरी मिळालं का? म्हनलं, मिळालं, गोड पानी मिळालं. म्हातारी मरेस्तोवर गावभर सांगत हुती, माझं लेकरू गोड पानी पिऊन गेलं. मग म्या खारं कसं म्हनू?"

"मग सईला हेच सांगा ना, आप्पा."

"तिला खरं सांगावं तर त्या माऊलीला फसवल्यागत हुतंय. न्हाई सांगितलं तर नात मला फेकू म्हननार." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "माझ्या सेक्शनमधलं कुनी राह्यलं न्हाई. ती हीर बघितलेला जगात ह्यो एकच मानूस, आन् त्यानंच मला खोटं पाडलं."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नियाजसाहेब भेटले. मी न राहवून सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान खाली घातली आणि दुसरा मजला आला तरी उतरायचं विसरले.

वर्ल्ड कपच्या दिवसांत व्हिजिट व्हिजा बंद राहणार होते, त्यामुळे सगळ्यांचे आईवडील परत निघाले होते. नियाजसाहेब रविवारी आणि आप्पा पुढच्या आठवड्यात. दोह्यात त्यांच्यात दोन मजल्यांचं अंतर होतं. चकवाल आणि साताऱ्यात किती, ते कोणाला सांगायला नको.

शनिवारी ते रेवड्यांचा डबा घेऊन निरोपाला आले आणि थेट सईसमोर बसले. "बिटिया, मैं ग़लत था. पानी मीठा था."

पन्नास वर्षांत शत्रूची ही पहिली बिनशर्त शरणागती. आणि आप्पा ताडकन उठले.

"झूठ मत बोलो सुभेदारसाब! खारा था!"

"मीठा था."

"खारा था! तुम्हारे ऊँट नहीं पीते थे!"

"ऊँट को क्या अक़ल है?"

दोघांचे आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेले असतील. सई पार गोंधळली. "मम्मा, दे स्विच्ड साइड्स!"

मग आप्पांनी तिला जवळ ओढलं आणि दिनकरची गोष्ट सांगितली, खाऱ्या पाण्यासकट, त्याच्या आईसकट. सईने एकदाही मध्ये इंग्रजी घातलं नाही. संपल्यावर ती आप्पांचा हात धरून बसून राहिली. नियाजसाहेब डोळे पुसत म्हणाले, "पीनेवाले ने मीठा कहा ना? बस. उसी की बात चलेगी."

निघताना आम्ही सगळे लिफ्टपर्यंत गेलो. पुन्हा भेटू असं कोणीच म्हणालं नाही. दोघंही फौजी, खोटा दिलासा देणाऱ्यातले नव्हेत. नियाजसाहेब आत शिरले, तेव्हा आप्पा हळूच म्हणाले,

"सुभेदारसाब, अब मेरा झूठ कौन पकड़ेगा?"

दार बंद व्हायला लागलं. नियाजसाहेबांनी हात घालून ते अडवलं. पुन्हा बंद व्हायला लागलं, पुन्हा अडवलं. खाली कोणीतरी लिफ्टसाठी दार बडवत होतं, ते बडवत राहिलं.