बाटलीच्या वाट्याची सहा चित्रं

तोक्योत बाहुल्यांच्या फिल्मा करणारे असतील पाच-सहाजण, पण माझ्या बाहुलीसारखी कुणाची वाकत नाही, असं तोकुजी छातीठोकपणे सांगायचा. खोटं नव्हतं ते. सेकंदाला चोवीस चित्रं, आणि दर चित्राला बाहुलीची मान केसभर खाली! एका नमस्कारात अख्खा दिवस जायचा.

सोया सॉसच्या एका कंपनीनं त्याला टीव्हीसाठी एक मिनिटाची जाहिरात दिली. पहिलंच स्वतंत्र काम. फसलं की पुन्हा दुकानांच्या पाट्या रंगवायला जायचं. गोष्ट सरळ होती. कंपनीच्या मालकांची बाहुली गिऱ्हाईक बाईला वाकून नमस्कार करते आणि मग बारा सेकंद नुसती बाटली.

कंपनीचे नुमातासाहेब काम बघायला आले. म्हणाले, गिऱ्हाइकाला एवढंच वाकायचं? मालकांना आणखी वाकवलं. मग त्यांच्या वरचे साहेब आले. त्यांना बाई उद्धट वाटली. मालक वाकतात आणि ही बया ताठच! बाईला वाकवलं. आता ती वाकल्यावर मालक सरळ कसे राहणार? ते पुन्हा वाकले. शेवटी प्रेक्षकांचे आभार राहिलेच, म्हणून दोघंही समोर बघून वाकले. मिनिट काही वाढणार नव्हतं, त्यामुळे दर नमस्काराचा वेळ बाटलीच्या वाट्यातून कापला जात होता. बाटलीच्या वाट्याला उरली सहा चित्रं. म्हणजे पाव सेकंद! हे कुणाला सांगायची तोकुजीची छाती झाली नाही.

फिल्म बघायला खुद्द मालक कुझेसाहेब आले. दिवे विझले. पडद्यावरचे मालक समोर बघून वाकले, आणि खोलीतली झाडून सगळी मंडळी उलट नमस्काराला वाकली. सवयच ती! कुझेसाहेबसुद्धा स्वतःच्याच बाहुलीला वाकले. माना वर आल्या तेव्हा पडदा कोरा होता.

"बाटली दिसली ना सगळ्यांना?" कुझेसाहेबांनी विचारलं.

मालकांच्या जाहिरातीत मालकांचीच बाटली दिसली नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? सगळ्यांनी माना डोलावल्या.

"दिसली तर," नुमातासाहेब म्हणाले. "लेबलावरचं अक्षर न् अक्षर वाचता आलं."

तोकुजीचा जीव भांड्यात पडला. कुझेसाहेबांनी मात्र हनुवटी खाजवत बराच विचार केला.

"मला वाटतं, बाटली जरा जास्तच वेळ रेंगाळते," ते म्हणाले. "ती कमी करा, आणि तिथं आणखी एक नमस्कार घाला."