लोकरी हातमोज्याची परीक्षा

बोगुमिलने सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा मासेमारीचा परवाना जप्त केला, तेव्हापासून बहिणीने, हलिनाने, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. याचा आपल्याला अभिमानच आहे, असं तो भेटेल त्याला सांगे. मात्र नाताळच्या आदल्या दिवशी, सगळं गाव संध्याकाळच्या जेवणाच्या तयारीला लागलेलं असताना, हा गडी एकटाच सान नदीत कमरभर पाण्यात उभा होता. कारण घरी वाट बघणारं कुणीच नव्हतं.

नदीच्या त्या पट्ट्यात नियम कडक. मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो, तो चिमट्याने दाबून सपाट करायचा. बोगुमिल तिथला बिनपगारी पहारेकरी होता, आणि पगार नसल्यामुळे भलताच कडक होता. खिशातून लोकरी हातमोजा काढायचा, समोरच्याचा गळ त्यात टोचायचा आणि ओढायचा. सुटला तर सणाच्या शुभेच्छा, अडकला तर परवाना जप्त.

गेल्या हिवाळ्यात याच मेहुण्याच्या, वितोल्डच्या गळाला लोकरीचा एक धागा आला होता. एकच.

"अरे, सासूबाईंनी विणलेला मोजा आहे हा!" वितोल्ड ओरडला होता. "यात माणसाची बोटंसुद्धा अडकतात!"

"आईला मध्ये आणू नकोस. काटा दाबलेला असला की गळ ओठातून आपसूक निघतो. माशाला पत्ताही लागत नाही."

झालं. वितोल्डवर वर्षभराची बंदी आली.

आता बोगुमिलचीच गोष्ट ऐका. थंडीत लिपिएन मासा तळाशी सुस्त पडून असतो. त्याच्या नाकासमोरून पाण्यातल्या अळीसारखी दिसणारी, गळावर बांधलेली तिळाएवढी बनावट माशी प्रवाहाच्याच चालीने जावी लागते. मग तो तोंड उघडतो. उघडतो म्हणजे किती, तर दोरा पाण्यात क्षणभर अडखळतो तेवढंच. ते दिसायला नजर तरुण लागते. बोगुमिलला दिसेपर्यंत मासा माशी थुंकून मोकळा झालेला असे. उलटा काटा असला तर मात्र त्याला थुंकता येत नाही. म्हणून पानगळीपासून बोगुमिलने स्वतःच्या गळांचे काटे दाबणं बंद केलं होतं. त्याला तपासणार कोण? तपासणारा तोच होता.

त्या दुपारी गळाच्या काठीवर दोरा ओवायच्या ज्या कड्या असतात, त्यांच्यात बर्फ धरला. तो फोडायला दोन्ही हात लागतात. म्हणून बोगुमिलने गळ टाकणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे दोऱ्यावरच्या दोन माश्यांपैकी वरची ओठांत धरली आणि वाकून कडी साफ करू लागला. खालची माशी तशीच पाण्यात लोंबत राहिली. आता लिपिएनला एक खोड असते. माणसाच्या बुटांनी तळ ढवळला की किडे मिळतात, म्हणून तो थेट पायांशी येऊन थांबतो.

तेवढ्यात काठावरच्या विलोच्या झाडाखाली बोगुमिलला वितोल्ड दिसला. हातात काठी! बंदी असताना!

"ए!" बोगुमिल ओरडला.

ओरडायला तोंड उघडलं, त्याच क्षणी खाली माशाने माशी घेतली आणि धूम ठोकली. वरची माशी बोगुमिलच्या खालच्या ओठात घुसली. मासा डावीकडे गेला की साहेबांची मान डावीकडे, मासा उजवीकडे गेला की उजवीकडे.

वितोल्डने काठी झाडाला टेकवली आणि सरळ पाण्यात उतरला. पायांत सणाचे काळे बूट होते, पण डोकं तापलेल्या बोगुमिलला बूट कुठले दिसायला!

"केवढा धरलायस रे! हातभर आहे!" वितोल्डने दोरा मुठीत पकडला. "कापू?"

बोगुमिलने मान हलवून नको म्हटलं. उभ्या हिवाळ्यात एवढा लिपिएन लागला नव्हता. माशाने पुन्हा हिसका दिला आणि बोगुमिलने घाईघाईने हो म्हटलं. दोरा कापला गेला. मासा गेला.

"आता ओठातला. थांब, ओढतो. आपसूक निघेल, तुला पत्ताही लागणार नाही."

"नको!"

"का? दाबलेला आहे ना काटा?"

बोगुमिल नदीकडे बघू लागला.

"बोगुमिल, काटा दाबलेला आहे ना?"

"...नाही."

वितोल्ड हसला असता तरी चाललं असतं. पण तो हसला नाही, आणि तेच बोगुमिलला फार लागलं. वितोल्डने दोऱ्याचा फास गळाभोवती घेतला, गळ खाली दाबला आणि एक हिसका दिला. बोगुमिलच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"काठावर बस. गाडीत आयोडीन आहे, आणतो."

तो चढ चढून गेला. बोगुमिल रक्त पुसत बसला. हा आता गावभर सांगणार. त्याच्या आधी आपण बोललो, तरच त्याचं कुणी खरं मानणार नाही. त्याने फोन काढला आणि पहारेकऱ्यांच्या प्रमुखाला, हुबर्टला लावला.

"वितोल्ड नदीवर आहे. काठी घेऊन. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आजच घरी जा त्याच्या, नाहीतर लपवेल."

वितोल्ड परत आला तेव्हा त्याच्या एका हातात आयोडीन होतं आणि दुसऱ्या हातात ती काठी. तिला ना रीळ होतं, ना दोरा.

"ओळखलीस? तुझ्या वडिलांची. आमच्या माळ्यावर मोडून पडली होती. बंदीमुळे मला वेळच वेळ होता, केली नीट. रिकाम्या हाताने बोलवायला आलो असतो तर तू आला नसतास."

"बोलवायला?"

"हलिना म्हणाली, मी काही त्याला बोलावणार नाही. पण आजच्या रात्री अनपेक्षित पाहुण्याचं एक जादा ताट आपण मांडतोच, ते रिकामंच आहे."

आता फोन करून तक्रार मागे घ्यायची, तर मुळात का केली हे सांगावं लागलं असतं. सणाच्या दिवशी हुबर्ट कशाला येतोय, अशी बोगुमिलने स्वतःची समजूत घातली आणि फोन खिशातच ठेवला.

संध्याकाळी हलिनाने दार उघडलं, भावाचा सुजलेला ओठ पाहिला आणि रडता रडता हसली. "बस," म्हणाली, "ते ताट तुझंच आहे." पहिली चांदणी दिसली, म्हणजे जेवायला बसायची वेळ झाली. सगळ्यांनी एकमेकांच्या हातची पवित्र पापडी मोडून खाल्ली, झालं गेलं माफ केलं. काय झालं असं हलिनाने विचारलं, तर वितोल्ड म्हणाला, "थंडीने फुटला ओठ." बोगुमिलला ते ऐकून फार लाज वाटली. बीटचं गरम सूप ओठाला झोंबत होतं, पण इतकं चांगलं जेवण त्याला वर्षभरात मिळालं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. हुबर्ट होता.

"माफ करा, सणाच्या दिवशी त्रास देतोय. वितोल्ड, तू आज नदीवर काठी घेऊन होतास अशी तक्रार आहे. काठी बघावी लागेल." मग त्याला टेबलाशी बसलेला बोगुमिल दिसला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, तू आधीच पोचलास? बरं झालं. तक्रार तुझीच, आता पुढचं तूच बोल."

वितोल्डने चमचा खाली ठेवला. हलिनाने भावाकडे पाहिलं. मग तिने त्याच्यासमोरचं ताट उचललं, सूप ओतून टाकलं, ताट धुऊन पुसलं आणि टेबलावर मांडलं.

"बसा हुबर्टसाहेब," ती म्हणाली. "अनपेक्षित पाहुण्यासाठी आम्ही एकच ताट ठेवतो. बोगुमिल, ऊठ. त्यांना खुर्ची दे."