तांबड्या मोटारीस लगाम घातला त्याची हकीकत

जो विश्वाचे चाक फिरवितो आणि वेळ येतांच थांबवितोही, त्या चक्रपाणीस साष्टांग दंडवत. शके १८९४, परिधावी नाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमीपासोन जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो, भीड कोणाची धरीत नाही. राज्याचे नाव मात्र लिहीत नाही, कारण सरकार हयात आहेत आणि त्यांस राग लवकर येतो.

सरकार हैबतराव बहुत शूर, बहुत उदार, परंतु वेगाचे वेडे. त्यांणी अमेरिका देशाहून एक तांबडी मोटार आणविली. नाक लांब, पोटात आठ सिलिंडर, आणि हुंकार ऐसा की चालू करितांच पागेतील घोडी दावी तोडीत आणि देवळातील पुजारी मंत्र विसरत. सरळ रस्त्यास तिला तोड नव्हती. परंतु वळण दिसले की ती विचारात पडे, आणि ब्रेक दाबिला की ऐकिले न ऐकिले ऐसे करी. स्टिअरिंग ऐसे ढिले की ते फिरवावे, मग वाट पाहावी, मग मोटारीची मर्जी असली तर ती वळे. चाकांवरील कमानपट्टे मऊ पडलेले, म्हणोन वळणावर नावेसारखी कलंडे. दिवाण बापूजीपंतांनी एकदा ब्रेकांविषयी अर्ज केला, तों सरकार गर्जले, "पंत, थांबण्याची तजवीज पळपुटे करितात!"

उक्त पंचमीस सरकार आणि राणीसाहेब चिमाबाई मोटारीतून देवीदर्शनास निघाले. राणीसाहेब पिवळा शालू नेसल्या होत्या. घाट उतरता उतरता ब्रेक तापले आणि चाकांतून धूर निघो लागला आणि पेडल तळास गेले. राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, हळू." सरकार म्हणाले, "हळूच आहे." "अहो, थांबवा!" "थांबवितोच आहे!" इतके होते तों मोटार रस्ता सोडोन गावतळ्यात शिरली, आणि तेथे म्हशी डुंबत होत्या त्यांणी तिला जागा करोन दिली. राणीसाहेब एका म्हशीच्या पाठीचा आधार घेऊन काठास आल्या. शालू चिखलाने माखला, कंकणे गळाली. वाटेने बैलगाडी जात होती, तीस हात केला, ती जागीच उभी राहिली. तेव्हा राणीसाहेब मागे वळोन सरकारांस म्हणाल्या, "पाहिलेत? बैलांस कळते." आणि गाडीत बसोन माहेरी गेल्या.

मग वाड्यास अवकळा आली. सरकारांचे ताट वाढिले तैसे परत जाऊ लागले, आणि एके दिवशी ते राणीसाहेबांच्या रिकाम्या पाटाकडे पाहात बसले आणि वरण थंड जाहले. तेव्हा नवा शालू आणि पेढे बरोबर देऊन पंतांस राणीसाहेबांस आणावयास त्यांचे माहेरी पाठविले. राणीसाहेबांनी उत्तर दिले, "शालू ठेवा. माझ्या बाबांचे घर उताराच्या पायथ्यास आहे. सरकारांनी त्याच मोटारीतून यावे. अंगणात बाबा खुर्ची टाकून बसतील, त्यांच्या अलीकडे थांबावे. थांबले तर मी येते." पंत घाबरोन म्हणाले, "आणि न थांबले तर?" तेव्हा राणीसाहेबांचे वडील तुळाजीराव, पिकले पान परंतु मोठे हौशी, हसोन बोलले, "मग पंत, पेढे तेराव्यास वाटा." आणि खुर्ची पुसावयास घेतली.

सरकारांस हे कळले. मग शहरातून कासम मिस्त्रीस आणविले. मिस्त्री अंगाने जाड, तोंडात सदा विडा, आणि स्वतःच्या कसबाची बढाई त्यास फार. त्याणे मोटार एका हाताने दाबिली, तों ती पाळण्यासारखी बहुत वेळ झुलत राहिली, आणि मिस्त्री डोळ्यांस पाणी येईतो हसला. म्हणाला, "सरकार, घोडा अरबी आणि लगाम सुतळीचा!" सरकारांनी रागाने मिशीस हात घातला आणि, बोलणे खरे होते म्हणोन, तो काढिला.

मग कामास आरंभ जाहला. मिस्त्रीने जुने कमानपट्टे काढोन नवे चढविले, ते बढाईच्या भरात ऐसे कठीण बसविले की चाचणीस निघता पहिल्याच खड्ड्यात पंतांची जीभ दातांखाली सापडली, आणि जखम भरेतो पंत दरबारात बोलो शकले नाहीत. कारभार पूर्वीहून बरा चालिला ऐसे कित्येकांचे मत. मिस्त्री खजील जाहला आणि म्हणाला, "थोडे अधिकच जाहले," आणि पट्टे नरम केले. मग स्टिअरिंग नवे घातले, ते बोटभर फिरविता बोटभर वळे. मग पुढील चाकांस डिस्क ब्रेक बसविले. सरकारांनी जुन्या सवयीने उभे राहोन सर्व बळे पेडल दाबिले, तों मोटार जागीच थांबली, पंत मात्र थांबले नाहीत. ते मागील आसनावरोन उडोन पगडीसहित सरकारांच्या मांडीवर आले. सरकार म्हणाले, "पंत, उठा." पंत म्हणाले, "सरकार, ब्रेक लागतात."

मग नेमिल्या दिवशी तुळाजीराव अंगणात खुर्ची टाकोन सुपारी कातरीत बसले. वरोन हुंकार ऐको आला. राणीसाहेब दारात उभ्या, मुद्रा कठोर, परंतु पदराचा पीळ बोटांस काचत होता. त्या एकाएकी ओरडल्या, "बाबा, खुर्ची मागे घ्या!" तुळाजीराव म्हणाले, "आता भितेस? अट तुझीच." इतक्यात मोटार शेवटल्या वळणास आली. सरकारांनी जन्मात प्रथमच वेळेआधी वेगाच्या पेडलावरोन पाय उचलिला. मोटार न कलंडता वळली, ब्रेक लागले, धूळ उठली, आणि कोणास काही दिसेना. धूळ खाली बसली तों मोटारीचे नाक तुळाजीरावांच्या गुडघ्यापाशी, आणि त्यांणी अडकित्ता तीवर ठेविलेला. म्हणाले, "जावईबापू, इंजिन बंद करा. बोललेले ऐको येत नाही."

सरकार उतरले. राणीसाहेबांपुढे गेले आणि म्हणाले, "चिमा, त्या दिवशी तळे खोल असते तर..." मग हळूच म्हणाले, "चुकलो." हा शब्द त्यांचे मुखी दरबारात कोणी ऐकिला नव्हता. राणीसाहेबांनी डोळे पुसिले, बापाच्या पाया पडल्या, आणि हात पुढे करोन म्हणाल्या, "किल्ली द्या."

मग राणीसाहेब चक्रामागे बसल्या आणि मोटार घाट ऐसी चढली की रस्त्याकडेची माकडे झाडांवर गेली आणि वळणांमागोन वळणे गेली. सरकार दोन्ही हातांनी दार धरोन बसले आणि उजव्या पायाने रिकामी जमीन सारखी दाबीत होते. राणीसाहेबांनी विचारिले, "पायाने काय शोधता?" सरकार म्हणाले, "काही नाही." वाड्यास पोहोचता सरकारांनी मिस्त्रीस सोन्याचे कडे दिले. राणीसाहेबांनी त्यास आडबाजूस बोलाविले आणि पुसिले, "यात याहून मोठे इंजिन बसते काय?"

येणेप्रमाणे मोटार वळो लागली, थांबो लागली, आणि संसार तरला. वेग राज्यातून गेला नाही, हात तेवढे बदलले. अधिक लिहिले असते, परंतु हुंकार जवळ येत आहे आणि मी रस्त्याच्या कडेस बसोन लिहितो, तरी उठणे प्राप्त.