डावा जोडा

माझ्या मामाच्या मुक्कामघरातून पाहुणा निघायला लागला, की त्याचा डावा जोडा सापडत नसे.

उजवा असायचा. पायरीवर, जिथे काढला तिथेच, शहाण्यासारखा बसलेला. डावा मात्र गायब! पाहुणा आधी वाकून बघायचा, मग गुडघ्यावर बसून बघायचा, मग कुत्र्यावर संशय घ्यायचा. आमच्याकडे कुत्रं नव्हतं. एवढ्यात मामा आतून यायचा, कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, "अरारा! गेला का? मंग आता जेवूनच जावा. जेवणं होईस्तोवर सापडल." आणि जेवण झाल्यावर तो खरोखरच सापडायचा.

मुलांनो, तुम्ही तिकडे तळ्याकाठचं लाकडी घर घेऊन सुट्टीला राहिलात, त्याचे फोटो पोचले. गोठलेलं तळं, शेकोटी, आणि दारात ओळीने मांडलेले तुमचे बूट. ते बूट बघून मला हसूच आवरेना. मीसुद्धा अशाच एका घरात वाढले. फक्त तिथे बर्फ नव्हतं, आणि दारातले बूट कधी जोडीने सापडत नसत. त्या डाव्या जोड्यापायी माझं कॉलेज हुकायची वेळ आली होती, हे तुम्हाला मी कधी सांगितलेलं नाही. आज सांगते, पण क्रमाने. आधी मामा, मग तळं, मग जोडा.

अण्णामामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. माझी आई मी अगदी लहान असताना गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून मला मामाकडे ठेवलं. मामी त्याच्याही आधी गेलेली, मूलबाळ नाही. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि जालन्याहून अंबडला जाणारा रस्ता बैलगाड्यांचा आणि टांग्यांचा होता. मध्ये एक तळं लागायचं. पलीकडे उंच बांध, अलीकडे उथळ काठ. त्या काठावर मामाने मातीच्या भिंती उभ्या करून खोल्या बांधल्या आणि पाहुणे उतरवून घ्यायला सुरुवात केली. अंबडच्या कोर्टात तारखेला निघालेले पक्षकार, त्यांचे वकील, आष्टीकडचे कापसाचे व्यापारी, दौऱ्यावरचे साहेबलोक, सगळे तिथे टेकत. एका अंगाला गंगाकाकूंचं स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला करीमचाचांच्या बीबीचं. ज्याला जिथलं चालेल तिथलं त्याने जेवावं. करीमचाचा मामाचे लहानपणापासूनचे दोस्त. टांगा त्यांचा, घोडा त्यांचा, आणि मामाला रागवायचा हक्कही त्यांचाच.

रस्त्यावर पाटी होती, 'तळ्याकाठचं मुक्कामघर'. मराठीत, उर्दूत, आणि खाली इंग्रजीत. इंग्रजी ओळ मी रंगवली होती, जालन्याच्या मिशन शाळेत ती भाषा नुकती शिकायला लागले होते तेव्हा. पाटी लागली आणि मामाच्या डोक्यात एक किडा शिरला. लिहिलंय तळ्याकाठचं, तर पाहुण्याला तळंच मिळालं पाहिजे! पण आमचं तळं होळीनंतर आटायला लागायचं. काठ उथळ, त्यामुळे पाणी बघता बघता घरापासून मागे सरायचं, पलीकडच्या बांधाकडे. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मामाने जेवणाचं टेबल उचललं आणि पाण्यामागे निघाला.

पाणी मागे, की टेबल पुढे. चैत्रात टेबल तळ्याच्या गाळात लावलेल्या टरबुजाच्या वाड्यांपाशी असायचं. वैशाखात वाड्या ओलांडून पार पलीकडे. ज्येष्ठात तर ते बांधाच्या पायथ्याशी पोचलेलं असायचं आणि पाहुण्यांना सकाळच्या चहासाठी डोक्यावर टॉवेल घेऊन, भेगाळलेल्या तळ्यातून चालत जावं लागायचं. एक म्हातारे वकील वाटेत बसले आणि म्हणाले, "अहो, माझा चहा इथेच पाठवा." मामा दुखावला. "न्हाई वकीलसाहेब. बिलकुल पाण्याकाठीच मिळंल. पाटीवर लिव्हलंय." वकिलांनी उठून पुढची वाट धरली. लेखी पुराव्यापुढे त्यांचं काही चालेना.

पावसाळ्यात सगळं उलट. भाद्रपदात पाणी थेट पायऱ्यांना लागायचं, न्हाणीघरात बेडूक यायचे, आणि मामा ओल्या पंच्याने घरभर नाचत असायचा. "बघा, बघा! आता तर तळंच आपल्याकडं मुक्कामाला आलंय!" भिंतीचा एखादा कोपरा ढासळला तरी त्याच आनंदात तो माती कालवून लिंपायचा.

आणि थंडी! थंडी सुरू झाली की उत्तरेकडून पाखरं यायची. करकोचे, चक्रवाक, आणि आम्हाला नावं माहीत नसलेली कितीतरी. पहिला थवा उतरायचा तो पहाटे, धुक्यात. मामाला त्याचा आवाज झोपेतही ऐकू यायचा. मग तो प्रत्येक खोलीचं दार बडवत सुटायचा. "उठा! मंडळी आली! उठा!" एका वर्षी दौऱ्यावर आलेले एक मोठे साहेब रजई गुंडाळून बाहेर धावले. "क्या हुआ? कौन मर गया?"

"मेलं न्हाई साहेब कुणी," मामा म्हणाला, "आले! बघा कसे उतरून राह्यलेत!"

साहेब रागाने लाल झालेले. पण बघितलं त्यांनी. धुक्यातून एकामागून एक उतरणारे करकोचे बघत ते पायरीवर बसले, गंगाकाकूंनी चहा दिला, उन्हं वर आली. मग त्यांना कचेरीची आठवण झाली. आणि डावा बूट नाही!

"ये क्या बदतमीजी है?" साहेब गरजले. करीमचाचा टांग्यावरून शांतपणे म्हणाले, "साब, गुस्सा नक्को करो. यहां सबका जाता. आपका नै जाता तो शरम की बात थी." त्या दिवशी साहेबांनी ज्वारीचा हुरडा खाल्ला आणि दुपारी ते हसत गेले. पुढच्या थंडीत पुन्हा आले, आणि आल्या आल्या दोन्ही बूट काढून मामाच्या हातात दिले.

जोडा लपवायच्या जागासुद्धा हंगामाप्रमाणे ठरलेल्या. पावसाळ्यात चुलीच्या उबेला, म्हणजे ओला जोडा वाळूनही निघायचा. थंडीत कडब्याच्या गंजीत. उन्हाळ्यात टरबुजाच्या वेलाखाली, आणि जोड्याबरोबर पाहुण्याला टरबूजही मिळायचं. नियम एकच. पगडीला, टोपीला हात लावायचा नाही. "जोडा म्हंजी गंमत. पगडी म्हंजी इज्जत," मामा बजावायचा.

एखादा पाहुणा घाई करायला लागला, की मामाचं वाक्य ठरलेलं. तळ्याकडे बोट दाखवून तो विचारायचा, "त्याला जल्दी हाय का? मंग आपल्याला कशापायी?"

आष्टीचे एक शेठजी होते, कापसाचे व्यापारी. त्यांनी मामावर मात करायचं ठरवलं. जोडे उशाखाली घेऊन झोपले, अंघोळीला जाताना काखेत मारून गेले, आणि पहिला चहा उकळायच्या आत टांग्यात बसून निघालेसुद्धा. मामा बघत राहिला. थोड्या वेळाने टांगा परत आला. शेठजी उतरले, चेहरा पडलेला.

"अण्णा, एक विचारू का? तुमी जागे होते ना?"

"व्हतो की."

"मंग माझा जोडा का न्हाई लपवला? माझ्यात काय कमी हाय? त्या वकिलाचा लपवता, साहेबाचा लपवता!"

"तुमी काखेत धरून बसले व्हते, शेठजी."

"म्हणून काय झालं? ओढून घ्यायचा!"

तर असं होतं. डावा जोडा जाणं हा आमच्याकडे मान होता. ज्याचा गेला तो आपला, ज्याचा राहिला तो नुसता वाटसरू. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी मॅट्रिक झाले आणि हैदराबादला मुलींच्या कॉलेजात माझं नाव लागलं. वडील कसेबसे तयार झाले, तेही एका अटीवर. माझ्या मिशन शाळेतल्या बाई हैदराबादला बदलून चालल्या होत्या. त्यांच्या सोबतीने जायचं. त्यांची आगगाडी चुकली तर बाई निघून जाणार, आणि एकटीला वडील कधीच पाठवणार नाहीत. मग आटोपलंच! एक स्थळही सांगून आलेलं होतं.

हे सगळं मामाला माहीत होतं. महिनाभर तो घोकत होता, "शांतेला मी स्टेशनावर पोचवणार. गाडीत बसवून देणार." पण त्याच महिन्यात मी त्याला माझ्या काळ्या बुटांकडे बघत उभं राहिलेलं दोनदा तरी पाहिलं होतं. जो माणूस परक्या कापूसवाल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, तो मला सोडेल?

आदल्या दिवशी मी माझे बूट स्वतःच लपवले. ज्वारीच्या कणगीत, खोल.

सकाळी कणगीत हात घातला. बूट नव्हते!

मी अशी किंचाळले की दोन्ही स्वयंपाकघरं थांबली. करीमचाचा टांगा जुंपून उभे. गंगाकाकू चूल उपसायला लागल्या. मुक्कामाला आष्टीचे शेठजी होतेच, ते धोतर खोचून कडब्यात शिरले. न्हाणीघर झालं, माळा झाला, कोंबड्यांचं खुराडं झालं. शेठजींच्या टोपीवर कडबा, माझ्या वेणीत ज्वारी. गंगाकाकू ओरडत होत्या, "अण्णा, कुठं दडलात? पोरीच्या जल्माचा खेळ नका करू! द्या तिचा जोडा!" मामाचा पत्ता नव्हता. मी रडकुंडीला आले होते आणि अनवाणीच टांग्यात चढायची तयारी करत होते, तेवढ्यात पुढच्या अंगणातून शेठजींची हाक आली.

"सापडले!"

आम्ही धावलो. शेठजी पायरीपाशी उभे होते. त्यांचा आवाज आता अगदी खाली आला होता. "दोन्ही हायेत," ते म्हणाले.

दोन्ही होते. तेल लावून, घासून, आरशासारखे चमकवलेले. नवी नाडी ओवलेली. जोडीने ठेवलेले, टाचा घराकडे आणि टोकं रस्त्याकडे.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला आष्टीच्या शेठजींसारखंच वाटलं. माझ्यात काय कमी आहे?

मामा घराच्या मागून आला. अंगात इस्त्रीचा कोट, डोक्यावर ठेवणीतली पगडी, स्टेशनावर यायच्या पूर्ण तयारीत. "बघत काय बसली? घाल पायात," तो म्हणाला.

"मामा, माझा डावा..."

"तुझा कशाला लपवू गं? तुला जायचंय." मग त्याने टांग्याकडे पाऊल टाकलं, थांबला, खाली बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरारा! माझाच डावा जोडा कुठं गेला?"

त्याच्या उजव्या पायात जोडा होता. डावा पाय उघडा.

मी म्हणाले, "थांब, मी शोधते. सगळे मिळून शोधू."

"न्हाई, न्हाई! तुमी निघा. करीम, हाण घोडा. जल्दी कर शांते, जल्दी! गाडी चुकंल!"

साऱ्या आयुष्यात मामाच्या तोंडून 'जल्दी कर' मी ऐकलं ते त्या एकाच दिवशी. मी वाकून नमस्कार केला. त्याने माझ्या वेणीतले ज्वारीचे दाणे काढले, मुठीत धरले, आणि मी टांग्यात चढले.

रस्ता तळ्याला वळसा घालून बांधावर चढायचा. ज्येष्ठ महिना, पाणी अगदी बांधाच्या पायथ्याला लागलेलं, आणि पाण्याशेजारी, ओल्या चिखलात, आमचं जेवणाचं टेबल. टांगा त्याच्या बरोबर वर आला. मी खाली बघितलं. टेबलाखाली एकच जोडा होता. डावा. कुणाच्याही नजरेला पडेल असा, धड लपवलेलाही नाही. घराकडून टेबलापर्यंत चिखलात पावलं उमटली होती, दोन्ही पायांत जोडे असलेली. आणि टेबलापासून परत घराकडे गेलेली पावलं, एक जोड्याचं, एक अनवाणी, एक जोड्याचं, एक अनवाणी.

करीमचाचांनी लगाम सैल सोडला. त्यांनीही बघितलं होतं. "क्या बेटी, रोकूं क्या?"

लांब पायरीवर पगडी दिसत होती.

"नको चाचा," मी म्हणाले. "चला."

गाडी मिळाली. बाई मिळाल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. माझी पुस्तकं, माझी नोकरी, तुमचे आजोबा. प्रत्येक सुट्टीत मी तळ्यावर जायचे, आणि परत निघताना माझा डावा बूट हमखास हरवायचा, जेवण होईपर्यंत. फक्त कॉलेजच्या नव्या वर्षासाठी निघायच्या दिवशी दोन्ही जागेवर असायचे, आणि मामाचा एक नसायचा. स्टेशनावर तो कधीच आला नाही.

आणि हो. मागच्या खेपेला तुम्ही परत निघालात, तेव्हा माझी डावी चप्पल ऐन वेळी सापडेना, म्हणून मी विमानतळावर येऊ शकले नाही. तुम्ही सगळं घर शोधलंत बिचाऱ्यांनी. काळजी करू नका, मिळाली ती. शिलाई मशीनच्या पेटीत होती.