बस चालू आहे, हॅलो!

“आवाज म्हणजे काय हो? थरथरणारी हवा! तिला थोपवायला कितीसा वेळ लागतो?”

निवृत्त झाल्यापासून सर भेटेल त्याला हे ऐकवत. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं आणि वर्गात एकदाही शांतता पसरवू शकले नव्हते. ती हौस आता बसमध्ये भागणार होती.

बस म्हणजे शाळेची मुलं वाहून खिळखिळी झालेली, मोडीत निघालेली. तिच्यात पलंग, ओटा, कपाट बसवून सरांनी चाकांवरचं घर उभारलं होतं. बेत एकच : वर्षभर भटकायचं, आणि तेही दोघांनीच! मुलं, पाहुणे, विद्यार्थी यांच्या गर्दीत बायकोशी निवांत बोलणं असं उभ्या संसारात झालंच नव्हतं.

पण इंजिन होतं ड्रायव्हरच्या शेजारीच, पत्र्याच्या पेटीत. बस सुरू झाली की कुणी जात्यात खडी भरडतंय असं वाटे! बायको मागून काही बोलली की सरांना आरशात तिचे नुसते ओठ हलताना दिसत. मग ते मान डोलावत. ऐकू न आलेल्या गोष्टीला नकार देण्याइतके ते नवखे नवरे नव्हते.

सर कामाला लागले. पेटीला जाड रबर, दारांना पट्ट्या, छताला फोम.

“अहो, पाहुण्यांच्या गाद्या कुठायत?”

“बसच्या फळ्यांखाली!”

“आणि पाहुणे आले तर?”

“त्यासाठीच तर!”

अखेर बस रस्त्यावर निघाली. सर हळूच कुजबुजले, “अगं, ऐकू येतंय?”

“येतंय हो! ओरडताय कशाला?”

बायकोने आनंदाच्या भरात थेट आईला स्पीकरवर फोन लावला. “आई, आम्ही बसमध्ये आहोत. धावत्या! ऐक हं.” तिने फोन इंजिनाच्या पेटीला टेकवला.

“हॅलो? हॅलो? कट झाला वाटतं!”

“कट नाही गं, ते इंजिन आहे!”

आता सरांना राहवेना. “सासूबाई, डोळे मिटून बसलात तर बस उभी आहे की चाललीय, कळायचं नाही!”

“आणि खड्डे?”

“गाद्या गिळतात!”

“झोप लागेल?”

“लागेल? हलवून उठवावं लागेल!”

“बरं तर. येते मग मी.”

सरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. “कुठे?”

“असं काय करता!” बायको म्हणाली. “मागे बसमध्येच विचारलं नव्हतं का, आईला वर्षभर सोबत नेऊ या का म्हणून? चक्क मान डोलावलीत! आईच नको म्हणाली. त्या खडखडाटात शंभर जन्म बसणार नाही म्हणाली. तेही सांगितलं, त्यावरही मान डोलावलीत, आणि दुसऱ्याच दिवशी रबर कापायला बसलात! मला तर भरूनच आलं हो.”

“जावई असावा तर असा,” फोन गहिवरला. “पलंग तेवढा माझा हं. तुम्ही दोघं काय, कुठेही पडाल.”

सरांनी अगदी बारीक, कुणाला कळू नये असा सुस्कारा सोडला. पण बस आता खरोखरच शांत होती.

“जावईबापू,” पलीकडून काळजीचा आवाज आला, “चाकातली हवा गेली का हो?”